खरे सांगणाऱ्या बालकास घरी आधार हवा



गेल्या पावसाळ्यात एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलास घेऊन माझ्याकडे आली. "फादर, हा पोरगा धादांत खोटं बोलतो. तुम्हीच याला धाक घाला," असे ती म्हणाली. मातेला बाकावर बसवून मी मुलासह देवळाच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. बराच वेळ तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "दादानं तेलाची बरणी फोडली अन् खरं सांगितलं, तर बाबांनी त्याला छडीनं मारलं. मी सांगत नाही, म्हणून मला मार बसत नाही."

हे मी त्या मातेच्या अनुमतीने लिहीत आहे. बालकाचा हिशेब चुकला, असे मला म्हणवेना. कारण त्याच क्षणी मला माझाच एक अपराध आठवला. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात, रविवारची मिस्सा कोणी चुकविली, असे मी विचारले. एकच मुलगा उभा राहिला, आणि त्यालाच मी तासभर गुडघे टेकावयास लावले. पुढच्या रविवारी तोच प्रश्न विचारला, तेव्हा कोणीही उठले नाही. आठवी आज्ञा शिकविणाऱ्यानेच ती मोडण्याचा धडा दिला होता!

फ्रान्समधील आलाँसाँ गावी लुई व झेली मार्टिन हे दांपत्य राहत असे. पिता घड्याळजी, माता लेस विणणारी. २०१५ साली या दोघांना एकत्रच संतपद देण्यात आले. त्यांची धाकटी कन्या तेरेजा हीच पुढे लिझ्यूची संत तेरेजा झाली. ती तीन वर्षांची असताना तिच्या हातून भिंतीवरचा कागद किंचित फाटला. वडील घरी येईपर्यंत इतर सर्वजण ते विसरले होते. परंतु तिने बहिणीकरवी ते वडिलांना लगेच सांगविले. आपण होऊन सांगितले म्हणजे क्षमा लवकर मिळते, असा तिचा विश्वास असल्याचे आईने पत्रात लिहिले आहे.

याच घरात लेओनी नावाची दुसरी कन्या मात्र हट्टी व अबोल होती. घरची मोलकरीण तिला गुप्तपणे दहशतीत ठेवीत असे. एवढ्या पुण्यशील मातेसही हे १८७७ मध्ये, स्वतःच्या मृत्यूपूर्वी काही महिने, कळले. भयाने मुलाचे तोंड बंद होते, अंतःकरण सुधारत नाही. तीच लेओनी तीनदा मठातून परतली, पण चौथ्या खेपेस, १८९९ मध्ये, काँ येथील मठात गेली व १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे राहिली. म्हणून अवघड मुलाविषयी कोणी निराश होऊ नये.

मग चुकीस शासनच नको काय? अवश्य हवे. ज्याने तेल सांडले त्याने फरशी पुसावी. नव्या बरणीसाठी जत्रेच्या पैशांतील काही द्यावे. परंतु प्रथम, "तू खरे सांगितलेस, हे चांगले केलेस," हे शब्द त्याच्या कानी पडावेत. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात पुत्राचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच पिता धावत जाऊन त्यास मिठी मारतो. घरच्या पित्याचा चेहरा असा दिसला, तर पापनिवेदनाच्या वेळी मुलाचे पाऊल अडखळणार नाही.

आणखी एक. आपली चूक आपणही कबूल करावी. त्या मुलाच्या वडिलांनी एका रात्री जपमाळेनंतर थोरल्यास जवळ घेऊन म्हटले, "त्या दिवशी माझं चुकलं, बाळा." हे मला त्या मातेने डोळे पुसत सांगितले.

माझ्या वर्गातला तो मुलगा आता परगावी नोकरीस आहे. त्याची क्षमा मागावयाची राहूनच गेली होती. हा लेख संपवून मी त्यास पत्र लिहावयास बसत आहे. आपल्याही घरी असे एखादे ऋण राहिले असेल, तर ते आज रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी फेडा. प्रभू येशू आपल्या कुटुंबांस आशीर्वाद देवो.