जुन्या गाडीत विजेची मोटर

1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी, फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली. अशा जुन्या गाडीचे इंजिन उतरवून घरच्या घरी विजेची मोटर बसवता येईल का?

कोल्हापूरच्या तरुणांना हा प्रश्न पडणारच. मोटर गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट उद्यमनगरात लेथवर करून घेता येते. हातातले कसब ही अल्लाहची देणगी आहे. मुलांचा हुरूप आपण का मोडावा?

मात्र खरे अवघड काम पुढेच असते. बॅटरीच्या वजनाने गाडीचा तोल बदलतो. ब्रेकला इंजिनच्या व्हॅक्यूमची मदत मिळत असेल, तर आता वेगळा पंप लागतो. शेकडो व्होल्टच्या बॅटरीचा झटका जिवावर बेततो. म्हणून गंज काढणे, रंग देणे, सीट शिवणे घरी करावे; बॅटरीचे काम जाणकारावर सोपवावे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये अशा बदलाचे नियम आहेत. मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद हवीच. त्यामुळे मोटर घेण्याआधी आरटीओत चौकशी करावी, विमा कंपनीलाही कळवावे.

जुनी वस्तू पुन्हा उपयोगात आणली, तर इस्राफ टळतो. पण रस्त्यावरचा प्रत्येक जीव ही आपल्याकडची अमानत आहे, हे आपण विसरू नये.