मूक साक्षीदारांची जपणूक
नवी मुंबईतून २०१६ मध्ये बेपत्ता झालेल्या महिला पोलीस अधिकाऱ्याचा मृतदेह सापडला नाही. तरीही परिस्थितिजन्य व तांत्रिक पुराव्यांवरून पनवेल सत्र न्यायालयाने २०२५ मध्ये मुख्य आरोपीस जन्मठेप ठोठावली. बोटांचे ठसे, रक्त, केस, भ्रमणध्वनीच्या नोंदी हे सारे मूक साक्षीदारच होत. ठशांवरून व्यक्ती ओळखता येते. रक्तातील डीएनएवरून ते कोणाचे, हे कळते. परंतु गर्दीच्या पायांखाली ठसे पुसले जातात. ओला रक्ताळलेला कपडा प्लॅस्टिकमध्ये बांधल्यास डीएनए नासतो. म्हणून तपासपथक तो सावलीत वाळवून कागदात बांधते. पोलीस येईपर्यंत घटनास्थळी कोणालाही फिरकू न देणे, हे मात्र सरपंच, पोलीस पाटील व शिक्षकांनी पाहावयास हवे. नष्ट झालेला पुरावा कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळाही परत आणू शकत नाही.