फावल्या वेळची गिटार

कचेरी सुटते, परंतु तेथील विवंचना माणसाबरोबर घरापर्यंत येते व जेवणाच्या पानावरहि त्याचा पिच्छा सोडीत नाहीं. अशा गृहस्थानें वा गृहिणीनें रोज अर्धा तास गिटार हातीं धरावी, असें आम्हांस सुचवावेसें वाटतें. एका हाताच्या बोटांनीं तारा दाबावयाच्या व दुसऱ्यानें त्या छेडावयाच्या. या दुहेरी व्यवधानांत साहेबांची चर्या आठवण्यास मनाला सवडच उरत नाहीं.

नवशिक्यानें पोलादी तारांच्या भरीस पडूं नये. त्यांनीं बोटें लवकर दुखावतात. नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी. या तारांची जन्मकथाहि ऐकण्याजोगी आहे. पूर्वीं स्पॅनिश गिटारला जनावरांच्या आंतड्याची तांत लावीत. दुसऱ्या महायुद्धांत जखमा शिवण्यासाठीं तांतीची मागणी वाढली व वादकांना ती मिळेनाशी झाली. तेव्हां न्यूयॉर्क येथील कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांनीं नायलॉनचा प्रयोग केला, आणि थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनीं त्या तारा आपल्याशा केल्या.

खरी अडचण मात्र तारांची नसून घरच्या मंडळींची असते! एकत्र कुटुंबांत पहिला सूर निघतो न निघतो तोंच ‘आतां कार्यक्रम केव्हां?’ असें कोणी तरी विचारतोच. पाहुण्यांपुढें वाजवून दाखविण्याचा आग्रहहि होतो. झालें! विरंगुळ्याची परीक्षा झाली व नवी चिंता घरांत शिरली. वडीलधाऱ्यांनीं एवढी कृपा करावी : आंतल्या खोलींतून बेसूर सुरावट ऐकूं आली, तरी दार हळूच लोटून घ्यावें आणि कांहींहि विचारूं नये.