धाप लागते म्हणून खाट धरू नका

निलंग्याच्या वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला अनेक घरांत हेच दिसतं. आजी खाटेवर आणि उशाशी ताकदीच्या पावडरचा डबा. लेकानं मजुरीच्या पैशातून आणलेला. आजीला धाप लागते म्हणून घरच्यांनी तिचं चालणं मात्र बंद केलेलं. तिथंच तिची ताकद जाते.

हा आजार अनेकदा सीओपीडी असतो. आपण त्याला सरसकट दमा म्हणतो. तो बिडीनं होतो, तसाच वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसूनही होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून हेच मांडलं.

धाप लागते म्हणून माणूस बसतो. बसल्यानं मांड्या झडतात, मग चार पावलांतच दम भरतो. जेवण कमी होतं, वजन उतरतं. अशा वाळलेल्या माणसाला जास्तीचा आहार लागतोच. पण नुसत्या आहारानं चालायचं बळ येत नाही आणि अर्धपोटी व्यायामही झेपत नाही. दोन्ही सोबत हवं.

डॉक्टरांना दाखवून सुरुवात करा. पंप दिला असेल तर तो चालूच ठेवा. आठवड्यातून किमान पाच दिवस चाला. धाप लागली की थांबा, नाकानं श्वास घ्या, शीळ घालतो तसे ओठ करून हळू सोडा, पुन्हा चाला. खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. पाण्यानं भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करा. दीड-दोन महिने नेमानं केलं तर फरक जाणवतो. फुप्फुसं नवी होत नाहीत, पण न्हाणीपर्यंत आपल्या पायानं जाता येतं.

खाण्यासाठी महागडा डबाच हवा असं नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाणे, घट्ट वरण, सोयाबीन वडी, सुकट, दूध हे आपल्या घरातलंच आहे. पोट गच्च भरलं की दम वाढतो, म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच आहार वाढवा.

छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे पडले तर लगेच दवाखाना गाठा. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. ती तपासणी मोफत असते.

विहाराचं अंगण सकाळी मोकळंच असतं. आजीचा हात धरून तिथं दोन फेऱ्या मारा. सूनबाई, तुम्हीही चला.