रविवार, साधी सायकल आणि सीताखांडीचा घाट

आमच्या वस्तीत सायकल आता दोघांसाठीच उरली आहे, शाळेत जाणारी पोरगी आणि कामावर जाणारा म्हातारा. बाकीचे हप्त्याच्या मोटारसायकलवर. किराणा आणायलाही किक मारायची. मग चाळिशीत शुगर निघाली की डॉक्टर म्हणतात, "हालचाल करा."

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही आठ जणांनी मुदखेडहून सायकली काढल्या. बारडमार्गे सीताखांडीचा घाट चढायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी, एवढाच बेत. गिअरची सायकल एकाचीही नव्हती. दोन मुलींकडे मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकली होत्या, त्या बारावीनंतर भिंतीला टेकून गंजत होत्या. आदल्या दिवशी ब्रेकचे रबर बदलले, साखळीला तेल दिले आणि सीट वर घेतली. पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली की गुडघे दुखतात, आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

बारडपर्यंत केळीच्या बागा बघत, गप्पा मारत गेलो. वेगाचे मापही तेच आहे. पायडल मारताना बोलता आले पाहिजे, धाप लागून बोलणे तुटले तर वेग कमी करावा. पुढे भोकरचा मोठा रस्ता, तिथे गप्पा बंद आणि एकामागे एक.

घाटाच्या चढाला आमच्यातले एक काका मागे पडले. घाम सुटला होता, हात थरथरत होते, विचारले ते एक आणि उत्तर भलतेच. त्यांनी सकाळी शुगरची गोळी घेतली होती, पण गडबडीत नुसत्या चहावर निघाले होते. साखर वाढली नव्हती, उतरली होती. सावलीत बसवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला, मग भाकरी खाऊ घातली. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा लागला असता. म्हणून गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अशा दिवशी डोस किती घ्यावा हे आधीच डॉक्टरांना विचारावे, पोटभर न्याहारी करावी आणि साखरेची पुडी खिशातच ठेवावी. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर कोणाचीही भीड न धरता थांबावे.

त्यानंतर सगळेच उतरलो आणि सायकली ढकलत घाट चढलो. मला सुरुवातीला लाज वाटली, खोटे कशाला सांगू! रस्त्याने जाणारे बघत होते.

पण दूर इंग्लंडमध्ये 1894 साली बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी 'क्लॅरियन सायकलिंग क्लब' काढला होता. कष्टकऱ्यांच्या 'क्लॅरियन' या वर्तमानपत्रावरून ते नाव घेतले. आठवडाभर धुरात राबायचे आणि सुट्टीला सायकलवर मोकळ्या हवेत गावोगाव हिंडत आपले विचार सांगायचे, असा त्यांचा शिरस्ता. त्या काळच्या जड सायकली डोंगराच्या चढावर ढकलाव्याच लागत. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. तो रविवार आपण आता बहुतेक मोबाईलवर घालवतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. रोज अर्धा तास सायकल चालवली तर पाच दिवसांत ती भरतात. रोजची सवय नसताना एकदम घाटाला जाऊ नका, आधी दोन-तीन रविवार सपाट रस्त्यावर फिरा. उन्हाळ्यात तर हा बेत नकोच. पाणी थोडे थोडे पीत राहा. घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्या. शुगर, बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे पाणी सहज म्हणून पिऊ नये.

उतारावर दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. पुढचा एकदम आवळला की माणूस हँडलवरून जातो. ज्यांचे ब्रेक ढिले होते ते दोघे खाली येतानाही चालतच आले, आणि त्यांची वाट बघत आम्ही उरलेल्या भाकरी संपवल्या.