मूत्रपिंडाचा विकार व पथ्याचा सल्ला

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे समाचारास येणारा प्रत्येकजण कांहींना कांहीं पथ्य सांगून जातो. पडसें-खोकल्यांत त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु मूत्रपिंडाच्या जुनाट विकारांत असा ऐकीव सल्ला प्राणावरही बेतूं शकतो. तो कसा, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तांतील टाकाऊ द्रव्यें आणि जास्त झालेले क्षार व पाणी त्या मूत्रावाटे बाहेर टाकतात. मधुमेह, रक्तदाब इत्यादि कारणांनीं त्या निकामी होऊं लागल्या म्हणजे जें बाहेर जावयाचें तें रक्तांतच सांचतें. मग पोटांत काय व किती जातें, ह्याला औषधाइतकेंच महत्त्व येतें.

प्रथम मिठाचा विचार करूं. बहुतेक रोग्यांनीं दिवसाकाठीं ५ ग्रॅमपेक्षां, म्हणजे सुमारें एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षां, कमी मीठ खावें. लोणचें, पापड, सुकी मासळी ह्यांतील मीठही त्यांतच मोजावें. मात्र ‘कमी सोडियमचें’ म्हणून मिळणारें मीठ डॉक्टरांस विचारल्यावांचून वापरूं नये. त्यांत बहुधा पोटॅशियमचा क्षार असतो, आणि रक्तांत पोटॅशियम फार वाढल्यास हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें. शहाळें व केळीं हीं एरव्हीं हितकर. पण ज्याचें पोटॅशियम वाढलें आहे, त्यास अपायकारक. बटाटा चिरून भरपूर पाण्यांत उकडावा व तें पाणी ओतून द्यावें, म्हणजे त्यांतील पोटॅशियम बरेंच कमी होतें.

प्रथिनांची गोष्ट आणखी निराळी. डायालिसिस सुरू नसलेल्या प्रौढ रोग्यास सामान्यतः वजनाच्या दर किलोस रोज ०.८ ग्रॅम प्रथिनें पुरतात. ५० किलो वजनाच्या मनुष्यास ४० ग्रॅम. डायालिसिस सुरू झाल्यावर मात्र हेंच प्रमाण १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढवावें लागतें, कारण त्या क्रियेंत कांहीं प्रथिनें शरीराबाहेर जातात. अशा वेळीं भीतीनें जुनेंच पथ्य चालू ठेविल्यास रोगी खंगत जातो. वाढत्या वयाच्या मुलांचें मान तर अगदींच वेगळें.

सारांश, एकाचें पथ्य दुसऱ्यास लागूं पडत नाहीं, आणि त्याच रोग्याचें कालचें पथ्य आज लागूं पडेलच असें नाहीं. रक्ताची तपासणी पाहून आहारतज्ज्ञ तें ठरवितात. त्यांच्याकडे जातांना घरांत स्वयंपाक करणारानेंही सोबत जावें आणि रोजचें खाणें, काढे व चूर्णें ह्यांसकट, मोकळेपणानें सांगावें. आणि मुलांनो, अशा रोग्याच्या भेटीस जातांना शहाळें घेण्यापूर्वीं त्याच्या घरच्यांस एकवार अवश्य विचारा.