प्लास्टिकलाही ‘डाग’ देता येतो!

२०१९चा उन्हाळा चेन्नईकर विसरलेले नाहीत. पूंडी, चोलावरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम या शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांनी तळ गाठला आणि जुलैत जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आणले होते तसेच. अशा दिवसांत टँकरसमोर लावलेली घागर किंवा गच्चीवरची टाकी तडकली, तर घरात चूल पेटण्याआधीच पंचाईत. पण तडा गेला म्हणून वस्तू लगेच भंगारात देऊ नका. तांब्या-पितळेच्या भांड्याला डाग देतात, तसा विजेवर तापणाऱ्या सळईने प्लास्टिकलाही देता येतो.

गोंद का चिकटत नाही?

टाक्या बहुधा पॉलिइथिलिनच्या असतात. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असल्याने नेहमीचा गोंद धरत नाही. मात्र ते साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळते आणि दोन्ही कडा एकजीव होतात. पॉलिप्रॉपिलिनला सुमारे १६० अंश लागतात. कुकरच्या मुठीचे बॅकेलाइट मात्र वितळतच नाही, त्यामुळे ते असे जोडता येत नाही.

असे करा

- वस्तूवरच्या त्रिकोणातला आकडा पाहा. २ आणि ४ म्हणजे पॉलिइथिलिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. भरायची पट्टी त्याच जातीची हवी. दोन जाती एकमेकींत मिसळत नाहीत.
- वस्तू रिकामी, स्वच्छ आणि कोरडी करा. उन्हाने खराब झालेला वरचा थर खरवडून काढा.
- तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. मग तड्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच करा.
- तापल्या सळईने खाचेच्या कडा आणि पट्टी एकाच वेळी मऊ करून हळूहळू भरा. धूर निघाला तर उष्णता जास्त झाली असे समजा.
- जोड आपोआप थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. मग पाणी भरून रात्रभर ठेवा आणि गळती तपासा.

इथे थांबा

काम उघड्या हवेत करा. सळईला अर्थिंग असलेली तीन पिनांची जोडणी हवी आणि मुले लांब हवीत. सळई घेऊन टाकीच्या आत कधीही उतरू नका. पेट्रोल किंवा रॉकेलचा डबा तर रिकामा असला तरी तापवू नका, आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. पीव्हीसी जास्त तापले की घसा जाळणारा आम्लयुक्त वायू निघतो, म्हणून त्याच्या पाइपांना सॉल्व्हंट सिमेंटच वापरा.

हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी असते आणि त्याचा सर्वांत जास्त दाब तळाशी येतो. तिथला मोठा तडा जाणकाराकडूनच जोडून घ्या. टाकी उन्हाने पांढुरकी, ठिसूळ झाली असेल, तर एक जोड टिकला तरी शेजारी दुसरा तडा जाईल. तेव्हा ती बदललेलीच बरी.

घरातल्या तरुणाला यात रस वाटला, तर हे रोजगाराचे कामही आहे. प्लास्टिक तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची ‘सिपेट’ ही संस्था १९६८ मध्ये चेन्नईतच सुरू झाली. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरलाही तिचे केंद्र आहे.

सुरुवात मात्र टाकीपासून नको, फुटक्या बादलीपासून करा. हात बसला की मगच घागरीकडे वळा.